आठ शेरांच्या आतली मुलं

लहान मुलांच्या सेवेइतकी पवित्र सेवा जगात दुसरी नाही. हे वाक्य मी दोन हंगाम रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत असे. शेठजींनी ते बाळघराच्या दारावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, वर मराठीत आणि खाली उर्दूत. कापसाची धूळ दोन्ही भाषांवर सारखीच बसे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. जालन्यात तेव्हा दिवाळीपासून चैत्रापर्यंत राज्य कापसाचं असे आणि उरलेले महिने निजामाचं. हंगाम लागला की खेड्यापाड्यांतून माणसं जिनांत, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांत, कामाला येत आणि जिनांच्या मागे पालं ठोकून राहत. बायका सरकी वेचायला, कापूस पसरायला बसत. लेकरं त्याच कापसाच्या ढिगांवर झोपवलेली असत. ती उठू नयेत म्हणून सकाळीच त्यांना अफूची गोळी चाटवलेली असे. बाळगोळी हे तिचं लाडाचं नाव. लेकरांच्या नाकात कापूस, पापण्यांवर कापूस. लांबून पाहिलं तर चित्रातल्या ढगांत देवाची बाळं झोपलीत असं वाटावं. जवळ गेलं की वास येई.

अशाच एका जिनाचे मालक आमचे शेठजी एकदा मुंबईला गेले. तिथल्या गिरण्यांत म्हणे मुलांसाठी वेगळी खोली असते आणि साहेब लोक ती बघायला येतात. यातली दुसरी गोष्ट त्यांच्या मनात राहिली. परत आल्यावर त्यांनी सरकीची एक खोली रिकामी करून चुना मारून घेतला, आठ पाळणे टांगले, ती पाटी रंगवली आणि मला बोलावणं पाठवलं.

मी सातवीपर्यंत शिकले होते, वडिलांच्या ट्रंकेतली पुस्तकं दोन-दोनदा वाचून काढली होती आणि नवऱ्याने मला माहेरी पाठवून दुसरी बायको केली होती. पहिल्या दोन गोष्टींची शेठजींनी चौकशी केली नाही. "तुम्हाला मूल नाही," ते म्हणाले, "म्हणजे लक्ष विभागलं जाणार नाही." मला बाळघराची बाई म्हणून नेमलं.

मी गेल्या गेल्या अफू बंद केली. म्हणजे बंद करा असं सांगितलं. त्यानंतर आठ दिवस मुलं एवढी रडली की इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू जाई. मुकादमीण बायकांवर देखरेख करायची, ती दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी लेकरं सांभाळून राह्यल्या का सोलून राह्यल्या?"

"उठलेली मुलं रडतातच."

"मंग उठवावं कशाला?" ती म्हणाली. तिच्या बाजूने विचार केला तर प्रश्न बरोबर होता. उठलेल्या मुलांना भूक लागते, आणि तिथून पुढचं सगळं सुरू होतं.

आया मागे ठेवून जात ते म्हणजे फडक्यात बांधलेला भाकरीचा तुकडा, नाहीतर ज्वारीच्या कण्या शिजवून केलेली पेज. अंगावर पिणाऱ्यांचं भागे. आया दुपारी दोनदा येऊन पाजून जात. हाल व्हायचे ते आईला पुन्हा दिवस गेले म्हणून अंगावरून तुटलेल्या मुलांचे. त्यांच्यासाठी शेठजींनी दूध सुरू केलं. दूध त्यांच्या गोठ्यातलं होतं. बंगल्यावर ते आधी तापवत, साय तिथेच राही, बाकीचं आमच्याकडे येई. वाटेत कुठेतरी त्यात पाणीही येऊन मिळे. पेल्यात ओतलं की कडेला निळसर झाक दिसे. तरी ते दूध होतं. दुसरं त्या खोलीत काहीच नव्हतं.

दूध सगळ्यांना पुरणार नव्हतं, म्हणून शेठजींनी नियम केला. दर सोमवारी मुलांचं वजन करायचं. आठ शेरांच्या आत भरेल त्याला दूध. आठ शेर भरले की बंद. "आधी अशक्तांना," शेठजी म्हणाले. "सशक्ताला दूध पाजणं म्हणजे उधळपट्टी. काटा कुणाचा पक्षपात करत नाही." हे ऐकायला इतकं शहाणपणाचं होतं की मीही मान डोलावली. तुळईला एक तराजू टांगला, एका पारड्याच्या जागी दुरडी बांधली, आणि भिंतीवर काळा फळा लावला. त्यावर मी मुलांची वजनं लिहीत असे. माझं अक्षर चांगलं होतं. मला त्या फळ्याचा अभिमान होता, हे इथेच सांगून टाकते.

आयांना नियम एका सोमवारात समजला. हलकं लेकरू दूध पितं, जड लेकरू पीत नाही. दुसऱ्या सोमवारी करगोटे, वाळे, ताईत सगळं उतरवून लेकरं उघडी-नागडी काट्यावर आली. तिसऱ्या सोमवारी एकजण लेकराला दुरडीत ठेवता ठेवता मला हळूच म्हणाली, "काल सांजपासून कायच न्हाई दिलं याला. आता बराबर भरंल बघा."

दूध मिळावं म्हणून उपाशी ठेवलेलं ते पोर साडेसात शेर भरलं. मी फळ्यावर लिहिलं आणि त्याला दूध दिलं. ते त्याने गटागटा प्यायलं आणि लगेच ओकून टाकलं. आई म्हणाली, "असू द्या, उद्याचं तर पक्कं झालं ना."

या मुलांत दोनेक वर्षांची एक मुलगी होती. तिचे आईबाप केदारखेड्याकडचे, मूळ मेंढरांमागे फिरणारं घर. आता कोरडवाहू तुकडा करत आणि हंगामात जिनात येत. बाप बोजे उचलायला, आई सरकीवर. पोरगी किरकिरी, हट्टी, कुणाच्याही पेल्यात हात घालणारी. मला ती आवडायची नाही. तिच्या आईला पुन्हा दिवस गेले होते, म्हणून ती अंगावरून तुटलेली. कार्तिकात ती सात शेर भरली. तिचं दूध सुरू झालं.

मार्गशीर्षात तिला हगवण लागली. हगवणीत दूध द्यायचं नाही, यावर तिची आई, मुकादमीण आणि माझी पुस्तकं या तिघांचं एकमत होतं. दहा-बारा दिवस ती पालात नुसत्या पेजेवर होती. परत आली ती बदलून आली. किरकिर गेलेली. जिथे बसवावी तिथे बसून राही. तोंडावर माशी बसली तरी हात उचलायची नाही. केस तांबूस दिसायला लागले होते. मला वाटलं, धूळ असेल. मी हे सौम्य शब्दांतही लिहू शकते, पण लिहिणार नाही. न रडणारं मूल मला सोयीचं होतं आणि तिच्या शांतपणाचं मी कौतुक केलं.

आणि ती भरू लागली. गाल वर आले, पावलं गुबगुबीत झाली. एका सोमवारी पावणेआठ शेर, पुढच्या सोमवारी सव्वाआठ. मी फळ्यावर तिच्यापुढे "सुधारणा" असं लिहिलं आणि नियमाप्रमाणे तिचं दूध बंद केलं. माझ्या हाताने. तो पेला त्याच दिवशी दुसऱ्या मुलाला दिला. तिची आई हसली. "भरली ना माझी पोरगी! सासू म्हनायची, ही काय जगत न्हाई. आता दाखविते तिला." दूध बंद झालं हे तिला पोरीला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

संक्रांतीनंतर शेठजींनी जाहीर केलं की बाळघरात सुदृढ बालकांची स्पर्धा होणार. औरंगाबादेहून एका बड्या साहेबांच्या बेगमसाहेबा येणार, बक्षीस देणार. शेठजींचे स्नेही असलेले एक डॉक्टरसाहेब मुलं तपासणार. सगळ्यात भारी भरेल ते मूल पहिलं.

आता एकदम काटा उलटा झाला. जे लेकरू आजवर हलकं असावं लागत होतं ते आता जड असायला हवं होतं. स्पर्धेच्या दिवशी सगळे वाळे आणि करगोटे परत अंगावर चढले. वर उसने आणलेले आणखी. एकीने झबल्याच्या शिवणीत सरकी भरली होती. एका टोपीतून मी इंजिनाचा लोखंडी नट काढला. एका पोराला आईने सकाळपासून एवढं पाणी पाजलं होतं की त्याने ते डॉक्टरसाहेबांच्या पाटलोणीवर परत केलं. दुपारपर्यंत एवढ्या लबाड्या मी पकडल्या, पण एकाही बाईवर रागावू शकले नाही. ज्या काट्याने त्यांना आधी उपाशी ठेवायला शिकवलं त्यानेच आता फुगवायला शिकवलं होतं. बायका फक्त हुकमाच्या ताबेदार होत्या.

खोलीला पताका लावल्या होत्या. पाळण्यांना नवी झालर लावलेली. शेठजींनी सकाळीच येऊन "पाहुणे आहेत, आवाज नको" एवढंच सांगितलं. आणि खरोखरच आवाज नव्हता. बेगमसाहेबा आत आल्या तेव्हा चोवीस मुलं ओळीने मांडलेली होती आणि एकही रडत नव्हतं. मी वाकून पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी मुकादमिणीला कोपऱ्यात ओढलं.

"काय दिलंस यांना?"

"काय न्हाई, बाई. नखावर मावंल एवढीच. शेठजी म्हनले आवाज नको. मंग काय तोंडं शिवू का?"

बेगमसाहेबा कौतुकाने म्हणाल्या, "इतने बच्चे, और एक की भी आवाज नै! बड़ी अच्छी परवरिश है." त्या चांगल्या बाई होत्या, त्यांना खरंच आनंद झाला होता. शेठजींनी हात जोडले. मग त्यांनी भाषण केलं. त्यात बालक, समाज, दया आणि सरकार एवढे शब्द मला ऐकू आले. बाकीच्या वेळी मी समोरच्या मुलाच्या ओठावरून खाली येणाऱ्या लाळेकडे बघत होते. ती भाषण संपायच्या आधी झालरीपर्यंत पोचली.

वजनं झाली. दागिने, सरकी आणि नट उतरवल्यावर सगळ्यांत भारी भरली ती हीच शांत मुलगी. पावणेनऊ शेर. माझ्या स्वतःच्या अक्षरात फळ्यावर.

डॉक्टरसाहेबांनी तिला टेबलावर घेतलं. छाती ऐकली, जीभ पाहिली. मग पावलावर, घोट्याच्या वर, अंगठा दाबला आणि काढला. मी बाजूला उभी होते. तिथे खळगा पडला. गव्हाच्या पिठात बोट रुतावं तसा. तो भरून येईना. डॉक्टरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिचा झगा खाली ओढून पाय झाकले आणि मोठ्याने म्हणाले, "उत्तम."

त्या क्षणी मला आई आठवली. तिने लहानपणी मोठा दुष्काळ पाहिला होता. ती सांगायची, माणसं आधी वाळतात, मग फुगतात. फुगलेली बघून नवख्यांना वाटतं की यांना कुठून तरी खायला मिळालं. मला हे पंचवीस वर्षं पाठ होतं आणि मी त्या पोरीच्या नावापुढे "सुधारणा" लिहिलं होतं.

बेगमसाहेबांनी तिच्या हातात चांदीचा चमचा दिला. "माशाअल्लाह, क्या तंदुरुस्त बच्ची है!" पोरीने तो धरला नाही. तिच्या आईने तिची मूठ मिटून धरली. टाळ्या झाल्या. तोंडात जिलबी असलेल्यांनी मांडीवर वाजवल्या.

पाहुणे चहाला बसले. डॉक्टरसाहेब बाहेर रांजणापाशी हात धुवत होते. मी त्यांच्या मागे गेले.

"ती सूज आहे," मी म्हणाले.

"आहे."

"उपासाची."

"हगवणीनंतर नुसत्या पेजेवर ठेवलेली दिसते. होतं असं."

"मग बक्षीस?"

"बाई, काट्यावर ती पहिली आली. काटा मी आहे का?" त्यांनी रुमाल काढला. "दूध द्या. डाळीचं पाणी द्या. जमलं तर अंडं. आणि गाजावाजा करू नका, बेगमसाहेबांच्या हातचं बक्षीस आहे."

"नाही दिलं तर?"

ते एकेक बोट पुसत होते. सगळी बोटं पुसून झाल्यावर म्हणाले, "तर चैत्र बघणार नाही." आणि जिलबी संपायच्या आत आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींपुढे उभी राहिले आणि सरळ सांगितलं की बक्षीस मिळालेली मुलगी भुकेने सुजली आहे, तिचं दूध सुरू करायला हवं. शेठजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"पावणेनऊ शेर आहे ती."

"त्यातलं बरंचसं पाणी आहे."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"डॉक्टरसाहेबांनाच विचारा."

"डॉक्टर काल सगळ्यांसमोर उत्तम म्हणाले. मी ऐकलं, बेगमसाहेबांनी ऐकलं. आज मी त्या पोरीला अशक्त म्हणून दूध पाजायला लागलो तर लोक काय म्हणतील? बेगमसाहेबांना फसवलं?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि बाई, आठवड्याने औरंगाबादचा फोटोवाला येतोय. चमचा धरून तिचा फोटो काढायचाय. तोवर तिला कुठे जाऊ देऊ नका. आणि तिची कळा बिलकुल उतरता कामा नये."

म्हणजे सूज टिकली पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना ते तसं वाटत नव्हतं, त्यामुळे ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

दोन दिवस मी बाकीच्या मुलांच्या प्रत्येक पेल्यातून दोन-दोन घोट काढून तिला पाजले. उपाशी मुलांच्या तोंडचं काढून दुसऱ्या उपाशी मुलाला देण्याचं काम फार नजाकतीचं असतं, हात थरथरून चालत नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमिणीने पाहिलं. संध्याकाळी बंगल्यावरून निरोप आला की दूध यापुढे मुकादमीण वाटेल.

मग मी तिच्या आईला बाहेर कडुनिंबाखाली बोलावलं. पोरीचं पाऊल मांडीवर घेतलं, अंगठा दाबला, काढला. खळगा दोघींनी पाहिला. तिने स्वतः एकदा दाबून पाहिलं. मग नडगीवर. मग गालावर हात नेला आणि दाबायचं धाडस न होऊन परत घेतला. मेंढरांत वाढलेली बाई होती ती. रोगाने गळ्याखाली पाणी उतरून फुगलेली मेंढी तिने पाहिली असणार.

"म्हंजी ही भरली न्हाईच," ती म्हणाली.

"नाही."

तिने कमरेची चंची सोडून चांदीचा चमचा काढला आणि माझ्यापुढे धरला. "चमचा तर दिला, बाई. आता त्याच्यात घालू काय?"

"तुझ्या सासूकडे शेळ्या आहेत ना?"

"हाईत की. दोन आता इल्यात, दूध हाय."

"मग हिला घेऊन जा. शेळीचं दूध दे, पातळ डाळ दे, कोंबडीचं अंडं दे. एकदम नको, थोडं थोडं."

"शेठजी सोडतेत व्हय? मुकादमीण म्हनली, फोटूपत्तुर हालायचं न्हाई. ह्यांचं बी काम जाईल."

मला तोवर एक गोष्ट समजली होती. शेठजींना खरं सांगून उपयोग नव्हता. मी म्हणाले, "मी सांगते, हिला गोवर निघालाय."

तिने माझं मनगट धरलं. "तसलं न्हाई बोलायचं! गोवराचं खोटं बोललं की गोवरआई ऐकती, खरंच येती."

"मग बोलते मी. तिने ऐकलं तर माझ्याकडे येऊ दे."

तिने मनगट सोडलं. "तुमच्याकडं येऊन काय करंल ती? तुमाला लेकरू कुठंय?" असं म्हणून ती पहिल्यांदा हसली आणि डोळे पुसले. एवढा नेमका टोमणा मला सासरीही कुणी मारला नव्हता.

मी बंगल्याच्या पायरीशी जाऊन, आत न शिरता, निरोप दिला की बक्षीसवाल्या मुलीच्या अंगावर पुरळ दिसतंय, गोवर असावा. शेठजींच्या घरात वर्षाचा नातू होता. भुकेबद्दल चार दिवस जे हललं नव्हतं ते गोवराबद्दल चहा निवायच्या आत हललं. भोकरदनच्या वाटेने कापूस आणायला निघालेल्या रिकाम्या गाड्यांतली एक थांबवली गेली. "जल्दी काढा त्यांना," शेठजी वरच्या खिडकीतून ओरडत होते. "बापाचं काम राहू द्या, पण त्यालाही चार दिवस लांब ठेवा!" गाडी सुटताना मुनीम धावत आला आणि हाताला फडकं गुंडाळून त्याने चमचा परत मागून घेतला. फोटोसाठी हवा होता. त्याने तो आधी कडुनिंबाच्या पाण्यात बुडवला.

पोरगी आईच्या मांडीवर होती. माशी बसली तरी हलत नव्हती. मी गाडीमागे दोन पावलं गेले आणि थांबले.

पुढचे दहा दिवस बाळघराकडे बंगल्यातलं कुणी फिरकलं नाही. गोवराच्या भीतीने मुकादमीणही दाराशी दूध ठेवून जाई. काटा टांगलेला राहिला. मी वजन न करता सगळ्या मुलांना दूध वाटलं. प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच आलं, पण कुणी उपाशी ठेवून आणलेलं नव्हतं. त्या दहा दिवसांत कुणी ओकलं नाही. बाळघराच्या दोन हंगामांत त्याचं पाटीवर लिहिलेलं काम झालं असेल तर ते याच दहा दिवसांत, आणि ते एका आजाराच्या नावाने झालं.

फोटोवाला ठरल्या दिवशी बंगल्यावर आला. फोटो निघाला. खुर्चीवर शेठजींचा नातू बसला होता, हातात चांदीचा चमचा. मूल खरोखर सुदृढ होतं, साय सगळी त्याच्याच घरात होती. तो फोटो पुढे पेढीत लागला आणि खाली लिहिलं होतं, आमच्या बाळघरातील पारितोषिकविजेते बालक. त्या नातवाने बाळघराचा उंबराही कधी ओलांडला नव्हता.

केदारखेड्याकडून निरोप येई तो बोजे उचलणाऱ्या बापाकडे, आणि तो बोलका नव्हता. मी विचारलं की म्हणे, "हाय." एकदा म्हणाला, "सूज उतरली म्हनत्यात. लई वाळून गेली." त्यानंतर पंधरा दिवस मी विचारलं नाही. वाळणं हे चांगलं की वाईट हे मला ठरवता येईना, आणि फळ्यावर मी जे शिकले होते त्याच्यावर माझा विश्वास राहिला नव्हता. मग एके दिवशी तोच आपणहून आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "शेळीला चावली."

"कोण?"

"पोरगी. पिलाला सरकवून सडाला लागली. म्हातारीनं वढून काढली तर सडालाच चावली." आणि निघून गेला. मी आत येऊन कारण नसताना सगळे पाळणे पुसले.

चैत्र लागला. कापसाचा शेवटचा माल एकदम आला, हातांची गरज पडली, म्हणून शेठजींनी गेलेल्या बायकांना परत बोलावलं. ती आई आली, पोट आता पुढे आलेलं, कडेवर मुलगी. मुलगी बारीक होती. गाल गेले होते, पावलांची हाडं दिसत होती. मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. तिने पाय झटकून माझ्या हातावर मारला, बाजूच्या मुलाच्या पेल्यात हात घातला आणि तो सांडला म्हणून मोठ्याने भोकाड पसरलं. मला ती अजूनही आवडत नव्हती. तो आवाज मात्र मी पूर्ण ऐकला.

तो सोमवार होता. शेठजी त्या दिवशी स्वतः आले होते. मी तिला दुरडीत ठेवलं. साडेसात शेर. बक्षिसाच्या दिवसापेक्षा सव्वा शेराने कमी. मी फळ्यावर लिहिलं, पुढे शेरा लिहिला नाही.

शेठजींनी दोन्ही आकडे पाहिले आणि मान हलवली. "बघा," ते सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्याकडे कशी होती आणि गावी नेऊन काय करून आणली. म्हणूनच या संस्थेची गरज आहे."

तिची आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं.

साडेसात म्हणजे आठ शेरांच्या आत. नियमाप्रमाणे तिला दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू झालं. हंगाम संपायला तेव्हा चार दिवस उरले होते.